नावामागचं शेपूट

नमस्कार मंडळी. लग्नाचा सीझन आला की 'दोन महिन्यांत दहा किलो' अशा पाट्या रिक्षाच्या मागे, लोकलच्या डब्यात, सगळीकडे दिसायला लागतात. आज या बारीक होण्याच्या गोळ्यांवरच बोलायचंय, पण आधी एक गोष्ट सांगते, ती मला सांगितल्याशिवाय राहवतच नाही.

फ्रान्सच्या पार पश्चिमेला, समुद्राकाठी, ब्रेस्त नावाचं शहर आहे. तिथल्या हॉस्पिटलात इरेन फ्राशों नावाच्या छातीच्या डॉक्टर. २००७ साली त्यांच्याकडे एक बाई आल्या, वजन जास्त, आणि फुफ्फुसाचा रक्तदाब वाढलेला. आता हा म्हणजे दंडाला पट्टा बांधून मोजतात तो रक्तदाब नाही हं. हृदयाकडून फुफ्फुसात जाणाऱ्या रक्तवाहिन्या आतून अरुंद होत जातात, मग हृदयाच्या उजव्या बाजूला सारखा जोर लावावा लागतो आणि एक दिवस ती थकते. तर फ्राशोंबाईंनी विचारलं, गोळ्या कुठल्या घेताय? उत्तर आलं, मेदियातोर. ही गोळी मंजूर होती डायबिटीसवाल्या जाड माणसांसाठी, पण भूक मरते म्हणून कितीतरी जण नुसतं वजन उतरवायला घ्यायचे.

आणि फ्राशोंबाईंना आपले शिकायचे दिवस आठवले. पॅरिसजवळच्या एका हॉस्पिटलात त्यांनी हाच आजार जडलेल्या बायका पाहिल्या होत्या, त्या इसोमेरिद नावाची वजनाची गोळी घ्यायच्या. ती १९९७ साली बाजारातून गेली, कारण तिने फुफ्फुसाचा रक्तदाब तर वाढायचाच, वर हृदयाच्या झडपाही, म्हणजे रक्त उलटं जाऊ न देणारी आतली दारं, जाड होऊन त्यातून रक्त मागे गळायला लागायचं. दोन्ही गोळ्या एकाच कंपनीच्या, सर्व्हिएच्या. आणि मेदियातोरच्या आतल्या औषधाचं नाव काय, तर बेनफ्लुओरेक्स. शेवटचं 'ओरेक्स' नीट ऐका. औषधांच्या नावांची अशी शेपटं जागतिक आरोग्य संघटना ठरवते, आणि ओरेक्स म्हणजे भूक मारणारं औषध. भूक मारणारं, हे नावातच होतं! १९६५ च्या सुमाराला अमिनोरेक्स आलं होतं, स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया, जर्मनीत, त्यानेही फुफ्फुसाच्या रक्तदाबाची साथच आली आणि १९६८ ला ते बंद झालं. शेपूट तेच.

म्हणून मला मनापासून वाटतं की गोळ्यांच्या पाकिटावर औषधाचं खरं नाव मोठ्या अक्षरात, मराठीत पाहिजे. चष्मा लावूनही वाचता येत नाही ते, आमच्या शेजारच्या आजी तर नातवाला मोबाईलवर फोटो काढून मोठा करायला लावतात.

तर फ्राशोंबाईंनी आपल्याच हॉस्पिटलचे जुने कागद काढले. ज्यांची झडप गळतेय पण कारण सापडत नाही असे २७ पेशंट निघाले, त्यातल्या १९ जणांनी ही गोळी घेतलेली. आणि गळण्याचं कारण माहीत असलेले ५४ पेशंट पाहिले, त्यात किती, तर फक्त ३. परत सांगते, २७ पैकी १९, आणि ५४ पैकी ३. नोव्हेंबर २००९ मध्ये गोळी बंद झाली, पण तोवर तेहतीस वर्षांत साधारण पन्नास लाख लोकांनी ती घेतलेली होती. मार्च २०२१ मध्ये पॅरिसच्या कोर्टाने कंपनीला दोषी ठरवलं, लोकांना फसवल्याबद्दल आणि माणसं दगावल्याबद्दलही. तेव्हा दंड झाला २७ लाख युरो, २०२३ च्या अपिलात तो वाढून ९० लाखांच्या वर गेला. पन्नास लाख माणसं आणि आधी फक्त २७ लाख युरो, मला अजून राग येतो.

आता आपल्याकडचं. सिबुट्रामाइन नावाची वजनाची गोळी आपल्या सरकारने २०११ साली बंद केली, कारण हृदयविकार असलेल्यांमध्ये हार्ट अटॅक आणि लकव्याचा धोका वाढत होता. पण हेच सिबुट्रामाइन 'हर्बल' म्हणून विकल्या जाणाऱ्या कॅप्सूलमध्ये पुन्हा पुन्हा सापडलंय. डब्यावर पानाफुलांचं चित्र असतं, आत काय आहे ते लिहिलेलं नसतं.

आणि एक, विषय थोडा सोडून बोलते. मुलगी ब्लाऊजचं माप द्यायला गेली की 'वाढलंय हं' म्हणणारे टेलरकाका आणि साखरपुड्यात 'जरा कमी कर गं' म्हणणाऱ्या मावश्या, कृपा करून हे थांबवा. त्या पोरी रात्री मोबाईलवर काय काय मागवतात ते तुम्हाला माहीत नसतं.

कुणी अशी गोळी घेत असेल, किंवा पूर्वी घेतली असेल, आणि जिना चढताना पूर्वीपेक्षा जास्त दम लागत असेल, पाय सुजत असतील, चक्कर येऊन पडायला होत असेल, तर 'वजनामुळे होतंय' म्हणून घरी बसू नका. डॉक्टरांना गोळीचं सांगा, लाजू नका, टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायची का ते विचारा. त्यांनी नाही विचारलं तरी तुम्ही सांगा. आणि जाताना तो डबा, रिकामा असला तरी, पिशवीत टाकून सोबत न्या.