हिरवा दिवा, उपाशी बॅटरी

(दृश्य : पहाट. कॅम्पिंग ट्रेलर. शेजारी गवतावर उघडून ठेवलेलं घडीचं सोलर पॅनेल, त्यावर दव.)

निवेदन :

पाण्याच्या पंपाचं बटण दाबलं. पंप नुसता घुमतोय, नळाला धार नाही. छताचा दिवाही मंद पडलाय. मल्टीमीटरची टोकं बॅटरीला लावली, आकडा आला ११.९. बारा व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण भरलेली असली की निवांत असताना १२.७ च्या आसपास दाखवते, अर्धी संपली की १२.२. म्हणजे ही अर्ध्याच्याही खाली गेली आहे. असं वारंवार झालं की लेड-ॲसिडचं आयुष्य झपाट्यानं घटतं.

आणि काल तर दिवसभर लख्ख ऊन होतं. १०० वॉटचं पॅनेल सकाळपासून मांडलेलं होतं. त्याच्या पाठीवरच्या कंट्रोलरचा, म्हणजे चार्जिंगवर ताबा ठेवणाऱ्या छोट्या पेटीचा, हिरवा दिवा दुपारीच लागला, बॅटरी भरली असं सांगणारा. मग वीज गेली कुठे?

(दृश्य : कॅमेरा पॅनेलपासून वायरीच्या कडेकडेनं बॅटरीच्या पेटीपर्यंत.)

या वायरीच्या एका टोकाला सिलिकॉनचे सेल आहेत. २५ एप्रिल १९५४ रोजी बेल लॅबोरेटरीजनं असा सेल जगाला दाखवला, तेव्हा तो उन्हातली जेमतेम ६ टक्के ऊर्जा विजेत बदलत होता. दुसऱ्या टोकाची बॅटरी त्याहून कितीतरी जुनी. फ्रान्सच्या गॅस्टन प्लांते यांनी १८५९ मध्ये शिसं आणि गंधकाम्ल यांची जी जोडी जमवली, तीच आजही या पेटीत काम करते आहे.

दोघांचे स्वभाव मात्र वेगळे. ‘बारा व्होल्टचं’ म्हणून विकलं जाणारं पॅनेल भर उन्हात सुमारे १८ व्होल्टला सर्वांत जास्त वीज देतं, काहीच जोडलं नसेल तर २२ पर्यंत चढतं. बॅटरीला भरताना साधारण १४.४ व्होल्ट हवे असतात आणि भरून झाल्यावर १३.६ च्या आसपास. पॅनेल थेट जोडलं, तर भरलेल्या बॅटरीतही करंट ढकलला जातो, आतल्या पाण्याचं विघटन होऊन हायड्रोजन सुटतो. म्हणून मध्ये चार्ज कंट्रोलर लागतो. तो कुठे बसवायचा, यावर सगळं अवलंबून आहे.

(दृश्य : पॅनेलची मागची बाजू. कंट्रोलर, त्यातून निघालेली बारीक वायर.)

घडीच्या बऱ्याच पॅनेलांना कंट्रोलर पाठीवरच बसवून मिळतो. दिसायला सोयीचं आहे. पण ट्रेलर सावलीत आणि पॅनेल उन्हात ठेवता यावं, यासाठी तर घडीचं पॅनेल घ्यायचं. मग वायर लांबणारच. इथे ती ८ मीटर आहे, दीड स्क्वेअर एमएम जाडीची (आतल्या तांब्याच्या छेदाचं क्षेत्रफळ). करंटला जायचं असतं तसं परतही यायचं असतं, म्हणजे वाट १६ मीटरची. साडेपाच अँपियर या वाटेनं गेले की जवळजवळ १ व्होल्ट वायरीतच खर्च होतो, उष्णता होऊन.

कंट्रोलर खोटं बोलत नव्हता. त्याच्या टर्मिनलवर १४.४ व्होल्ट खरोखरच होते. बॅटरीपाशी मात्र १३.४ पोचत होते. करंट उतरत गेला की वायरीतली घटही उतरते, बॅटरी हळूहळू भरत राहते. पण तोवर कंट्रोलरची ठरलेली वेळ संपते, तो १३.६ वर येतो आणि हिरवा दिवा लावून मोकळा होतो.

आता तीच लांब वायर कंट्रोलरच्या अलीकडे, पॅनेलच्या बाजूला आली तर? पॅनेलचे १८ व्होल्ट कंट्रोलरकडे १७ होऊन पोचतील. १४.४ च्या मानानं तेही भरपूर आहेत. साधा पीडब्ल्यूएम कंट्रोलर (पॅनेल बॅटरीला झटपट जोडत-तोडत चार्जिंग आवरणारा) असेल तर बॅटरीत जाणाऱ्या करंटला फारसा धक्का लागत नाही, एमपीपीटी (पॅनेलचं जास्तीचं व्होल्टेज करंटमध्ये बदलणारा) असेल तर पाचेक वॉट जातात. लांबचं अंतर पॅनेलच्या बाजूला परवडतं, बॅटरीच्या बाजूला नाही.

(दृश्य : हात काम करताना. पॅनेल गवतावर पालथं.)

पॅनेल आधी पालथं घालायचं. त्याला बंद करायचं बटण नसतं. ऊन पडतंय तोवर त्याच्या वायरीत व्होल्टेज असतंच, आणि करंट चालू असताना डीसीचा जोड ओढून काढला तर ठिणगी लांबते, कनेक्टर जळतो. पाठीवरचा कंट्रोलर वगळून वायर सरळ जंक्शन बॉक्सला, म्हणजे पॅनेलच्या वायरी जिथून बाहेर येतात त्या डबीला, जोडली. तो तिथेच ठेवून पुढे दुसरा बसवला, तर दोघं एकमेकांना गोंधळात टाकतात. लांब वायरही बदलली, दीडच्या जागी ४ स्क्वेअर एमएम.

नवा कंट्रोलर ट्रेलरच्या आत, बॅटरीपासून मीटरभर अंतरावर. बॅटरीच्याच पेटीत नको, तिथे हायड्रोजन साठू शकतो. कंट्रोलर ते बॅटरी ६ स्क्वेअर एमएमची वायर, टोकांचे धातूचे लग नीट क्रिम्प केलेले, म्हणजे दाबून पक्के बसवलेले. एक व्होल्ट जात होता, तिथे आता जेमतेम ०.०३ जातो.

बॅटरीच्या प्लस टोकाला, अगदी वीतभर अंतरात, फ्यूज. या मांडणीला १५ अँपियरचा पुरतो. फ्यूज बॅटरीपाशीच का, हे समजून घ्यायला हवं. वायर कुठे घासून शॉर्ट झाली, तर हे पॅनेल फार तर ६ अँपियर देईल. बॅटरी शेकडो देते. आग लागते ती बॅटरीच्या बाजूनं.

(दृश्य : दोन पिनांचा चपटा कनेक्टर, मल्टीमीटरचा पडदा.)

आणि हा चपटा एसएई कनेक्टर. दोन जागी बनलेले असे कनेक्टर एकमेकांत व्यवस्थित बसतात, पण एकाचा प्लस दुसऱ्याच्या मायनसवर येऊ शकतो. वायरीच्या रंगावर विसंबू नका, प्रत्येक वेळी मीटर लावा. पडद्यावर आकड्याआधी वजाची खूण आली, तर जोडायचं नाही.

कंट्रोलरला आधी बॅटरी जोडली. आपल्यापुढची बॅटरी किती व्होल्टची आहे, हे तो तिच्यावरूनच ओळखतो. बॅटरीचा प्रकार निवडला. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी असती तर इथली निवड वेगळी झाली असती, आणि शून्य अंशाखाली तिला चार्ज करणंही टाळावं लागलं असतं. मग पॅनेलची वायर जोडली, पॅनेल सुलटं केलं, सूर्याकडे कलतं ठेवलं.

(दृश्य : दुपार. पॅनेलच्या कडेवर एका फांदीची सावली सरकते आहे.)

एवढीशी सावलीही महागात पडते. सेल एकामागोमाग एक जोडलेले असतात, एकाचा करंट अडला की त्याच्या ओळीतल्या सगळ्यांचा अडतो. पॅनेल दोन पावलं सरकवलं. मीटर पुन्हा थेट बॅटरीवर लावला. आकडा हळूहळू चढतोय.

१०० वॉटचं पॅनेल चांगल्या दिवशी साधारण २५ अँपियर-तास बॅटरीत घालतं. ही बॅटरी १०० अँपियर-तासांची आहे, आणि अर्ध्याहून जास्त रिकामी. एका दिवसात ती भरणार नाही. दोन दिवस पंप आणि दिवे बेतानं वापरले.

(दृश्य : तिसऱ्या दिवशीची दुपार, मग चौथी पहाट.)

तिसऱ्या दुपारी बॅटरीच्या टोकांवर १४.४. चौथ्या पहाटे, रात्रभर निवांत राहिल्यानंतर, १२.७. बटण दाबलं आणि नळाला धार आली.

आता आवरायचं आहे. पॅनेल पालथं. आधी पॅनेलची वायर सुटते, मग बॅटरीची.