जुना फेंडर बास गिटार घेताय? सिरियल नंबर बाजूला ठेवा, नेक उघडा

नमस्कार मंडळी. इनबॉक्समध्ये मला सतत एकाच प्रकारचा फोटो येतोय. बासची पाठ, त्यावर चार स्क्रूंची क्रोमची प्लेट, प्लेटवर नंबर. खाली प्रश्न: "ताई, हा कुठल्या सालचा, आणि किती द्यावेत?" रोज एकेकाला उत्तर टाइप करण्यापेक्षा आज सगळं एकदाच बोलून टाकते. जुना बास घेणं, विकणं आणि त्यात बदल करणं, तिन्ही. बोलणार आहे फेंडर या अमेरिकी कंपनीच्या बास गिटारबद्दल, कारण प्रश्न त्याचेच येतात.

बेसिक पटकन उरकते, तुमच्यापैकी बहुतेकांना माहीत आहे. प्रिसिजन बास आला १९५१ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमधून. स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, चौतीस इंच. १९५७ मध्ये त्याला आज आपण ओळखतो तो दोन तुकड्यांचा पिकअप (तारांचा कंप टिपणारं चुंबकी कॉइल) मिळाला. १९६० मध्ये जॅझ बास आला: नेक, म्हणजे तारांची दांडी, नटपाशी (वरच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीपाशी) अरुंद, पिकअप दोन. जानेवारी १९६५ मध्ये संस्थापक लिओ फेंडरने कंपनी सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीला विकली आणि १९८५ मध्ये सीबीएसने ती कंपनीतल्याच मंडळींना विकली. 'प्री-सीबीएस' म्हणतात ते १९६५ च्या आधीचं. झालं.

आता नंबर. सिरियल नंबर म्हणजे जन्मदाखला नाही. कसा नाही ते सांगते.

पहिली गोष्ट: फुलर्टनमध्ये या प्लेटा क्रमाने बसत नव्हत्या. नंबर ठोकलेल्या प्लेटा डब्यात पडलेल्या असायच्या, कामगाराच्या हाताला जी लागेल ती बसायची. त्यामुळे खालचा नंबर नंतरच्या बासवर आणि वरचा नंबर आधीच्या बासवर, असं सर्रास दिसतं. 'एल' अक्षराने सुरू होणारे नंबर साधारण १९६३ ते ६५ चे, मोठा 'एफ' कोरलेली प्लेट १९६५ ते ७६ ची. एवढा ढोबळ अंदाज नंबरवरून बांधा, त्यापुढे जाऊ नका. १९७६ मध्ये नंबर हेडस्टॉकवरच्या (नेकच्या खुंट्यांकडच्या टोकावरच्या) स्टिकरवर गेला आणि 'एस सात', 'एस आठ' असं वाचून लोक थेट १९७७, १९७८ म्हणू लागले. तिथेही एक-दोन वर्षांचा फरक नेहमी निघतो.

दुसरी गोष्ट: प्लेट चार स्क्रूंवर आहे. चार स्क्रू काढले की ती हातात येते. या प्लेटा सुट्ट्या विकल्या जातात, खऱ्या जुन्यासुद्धा. साठच्या दशकातली प्लेट घ्या, कालच्या बॉडीवर लावा, फोटो काढा. फोटोत तुम्हाला काय दिसणार? साठच्या दशकातली प्लेट.

तिसरी गोष्ट, आणि ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: बास हा मुळातच जोडून केलेला आहे. नेक वेगळा तयार झाला, बॉडी वेगळी, पिकअप वेगळे गुंडाळले, पॉट (आवाज-टोनच्या बटणांखालचे फिरणारे भाग) तर बाहेरच्या कंपनीचे. प्रत्येक भागाचं साल वेगळं आहे. तुम्ही जे जास्तीचे पैसे देता ते हे सगळे भाग पहिल्यापासून एकत्र आहेत याचे देता. एका भागावरच्या नंबरावरून बाकीच्यांचं साल कसं कळणार? प्लेट तुम्हाला प्लेटबद्दल सांगते, बस.

मग बघायचं काय? नेक उघडायचा.

[टेबलावर प्रिसिजनचा नेक, टोक कॅमेऱ्याकडे]

हे बघा. नेकचं जे टोक बॉडीत बसतं त्यावर, १९६२ च्या सुरुवातीपर्यंत, पेन्सिलीने महिना आणि साल लिहिलेलं असायचं. त्यानंतर शाईचा शिक्का आला. आधी एक आकडा, मग महिना, मग साल, शेवटी एक अक्षर. सुरुवातीचा आकडा तारीख नाही! कमेंटमध्ये यावरून भांडणं होतात, "पाच नोव्हेंबरला बनला" वगैरे. तो नेकच्या प्रकाराचा आकडा आहे. शेवटचं अक्षर नटची रुंदी: 'ए' म्हणजे दीड इंच, जॅझचा नेहमीचा, 'सी' म्हणजे पावणेदोन इंच, प्रिसिजनचा. आता प्रिसिजनच्या हेडस्टॉकखाली 'ए' निघाला, तर तिथेच प्रश्न विचारायचा. साठच्या दशकाच्या शेवटी काही प्रिसिजन खरंच अरुंद नेकचे निघाले, म्हणून लगेच खोटा म्हणू नका, पण विचारायचं.

बरेच विक्रेते म्हणतात, "नेक काढला की बास बिघडतो." नाही बिघडत. त्या काळच्या फेंडरचा ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली त्याचा बाक सांभाळणारी सळई, बॉडीच्या बाजूने फिरवायचा असल्यामुळे साध्या सेटअपलाही नेक काढावाच लागायचा. तुमच्यासमोर असलेल्या पन्नास वर्षांच्या बासचा नेक आजवर अनेकदा निघालेला आहे. काढायची पद्धत मात्र नीट शिका. तारा पूर्ण सैल करा. योग्य मापाचा स्क्रूड्रायव्हर घ्या, नाहीतर स्क्रूचं डोकं चिरतं आणि मूळ स्क्रू गेला. परत बसवताना स्क्रू आधी उलटा फिरवा. जुन्या आट्यांत बसला की 'टक्' असं जाणवतं, मग सुलटा आवळा. हे न करता थेट आवळलं तर स्क्रू लाकडात नवे आटे पाडतो, दोन-तीनदा असं झालं की भोक ढिलं पडतं, आणि मग तुम्हीच मला विचारता की नेक का हलतो.

यानंतर पॉट. व्हॉल्यूम-टोनच्या पॉटच्या पाठीवर किंवा कडेला एक कोड ठोकलेला असतो. पहिले तीन आकडे बनवणाऱ्याचे: १३७ म्हणजे सीटीएस, ३०४ म्हणजे स्टॅकपोल. साठच्या दशकात पुढचे दोन साल आणि शेवटचे दोन आठवडा. १३७६६३३ म्हणजे सीटीएस, १९६६, तेहतिसावा आठवडा. वाचायला सोपा, म्हणूनच फसवतो. पॉट तयार झाला त्या आठवड्याच्या आधी बास बनलेला नाही, एवढंच तो सांगतो. नंतर कधी बनला, ते सांगत नाही.

एक उदाहरण देते. पुण्यातले एक दादा, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात बास वाजवायचे, त्यांना एक प्रिसिजन '१९६६ चा' म्हणून मिळत होता. पॉट दोन्ही ६६ चे, वायरी जोडणारा सोल्डर जुना. ते खूश. नेक उघडला तर शिक्का ६९ चा. बॉडीवरचा थर जाड, काचेसारखा, म्हणजे पॉलिएस्टर. फेंडरने १९६८ च्या सुमारास नायट्रो (आधीची पातळ लाख) सोडून पॉलिएस्टर घेतलं. मग कोणी फसवत होतं का? नाही. सीबीएसने १९६६ मध्ये पॉटचा प्रचंड मोठा साठा घेतला होता, तो दशक संपेपर्यंत पुरला. ६६ चे पॉट असलेले ६८-६९ चे बास कितीतरी आहेत आणि ते पूर्ण अस्सल आहेत. बास खरा, साल चुकीचं, आणि सालात पैशांचा मोठा फरक. दादांनी तोच बास घेतला, ६९ च्या भावाने.

आता सोल्डर, आणि इथे माझा आवाज थोडा चढणार आहे. जुन्या बासमधला हात न लावलेला सोल्डर हा सगळ्यात खरा साक्षीदार आहे. प्लेट बदलता येते, पॉट जुन्या तारखेचे विकत मिळतात, पिकगार्ड (बॉडीवरचा प्लास्टिकचा पत्रा) मिळतं. पण कारखान्यात लागलेला तो मळकट, एकसंध सोल्डर एकदा वितळला की परत तसा करता येत नाही. तुमचा लाडका टेक्निशियन "सर्व्हिस करून देतो" म्हणत सगळे जोड नवे चकचकीत करून देतो ना, तेव्हा तो त्या बासचा पुरावा पुसतोय. पॉट खरखरतोय? कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, वीस-तीसदा फिरवा. खरखर बहुतेक वेळा एवढ्याने जाते.

"ताई, मग आम्ही काहीच बदलायचं नाही का? वाजवायचा बास आहे, संग्रहालयात ठेवायचा नाही." ही कमेंट मला मनापासून पटते. वाजवणाऱ्याने बदल केलेच पाहिजेत. प्रसिद्ध बासवादक जाको पास्टोरियसचा १९६२ चा जॅझ बास आठवा: फ्रेट, म्हणजे बोटांखालच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, काढलेले, फिंगरबोर्डवर बोटीला लावायचं इपॉक्सी. दुसरा नामवंत बासवादक मार्कस मिलर, त्याच्या १९७७ च्या जॅझमध्ये प्रीअँप (बॅटरीवर आवाज वाढवणारं सर्किट) घातलेला आहे आणि त्याचा आवाज अख्ख्या पिढीने ऐकला. पण ते बास त्या वेळी साधे, रोज वाजवायचे बास होते, पुरवठा भरपूर होता. आता त्या वर्षांचे नवे येणार नाहीत.

म्हणून माझा नियम एकच आहे: उद्या परत फिरवता येईल ते करा. ब्रिज (बॉडीवर तारा जिथे टेकतात तो भाग) बदला, मूळ भोकांत बसणारा घ्या, जुना जपून ठेवा. तारा, ट्यूनर, स्ट्रॅप बटण, सगळं चालेल, नवं भोक पाडू नका एवढंच. प्रिसिजनमध्ये तर सोय फार सुंदर आहे. पॉट आणि जॅक पिकगार्डवरच आहेत. पिकअपसकट सगळी जोडणी एकत्र उचलून बाहेर येते, ब्रिजकडे जाणारी अर्थची एक वायर तेवढी सोडवावी लागते. एकच जोड. ते सगळं तसंच पेटीत ठेवा, नव्या पिकगार्डवर हवी ती इलेक्ट्रॉनिक्स बसवा, मनसोक्त वाजवा. जॅझमध्ये पिकअपच्या वायरी लाकडातल्या भोकांतून जातात, तिथे त्या सोडवाव्याच लागतात, म्हणून जॅझला हात लावण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा.

आणि जे परत फिरत नाही ते: राउटर, लाकूड कोरायचं यंत्र. सत्तर-ऐंशीच्या दशकात प्रिसिजनला ब्रिजजवळ दुसरा पिकअप बसवायची लाटच आली होती. लाकूड कोरलं, पाठीमागे बॅटरीचा खड्डा पाडला. आज ते बास स्वस्त मिळतात, आणि वाजवायला घेणाऱ्यांना मी तेच घ्यायला सांगते! रंग पुन्हा मारलेल्या बासची किंमत बाजारात साधारण निम्मी धरतात. नेक सरळ, पिकअप मूळ, रंग नवा: वाजवणाऱ्यासाठी यापेक्षा चांगला सौदा नाही. फक्त विकणाऱ्याने तो 'ओरिजिनल' म्हणून विकू नये.

सुट्ट्या भागांच्या धंद्याबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. पिकअपवरची आणि ब्रिजवरची क्रोमची झाकणं वाजवणारे काढून टाकायचे, हरवायची. ती वेगळी विकत घेऊन आपला बास पूर्ण करणं यात आनंद आहे. पण अखंड बास घेऊन, केवळ तुकड्यांचे मिळून जास्त पैसे येतात म्हणून तो फोडायचा? नेक एका देशात, पिकअप दुसऱ्या, पॉट तिसऱ्या. अर्धशतक एकत्र राहिलेली वस्तू एका दुपारी संपते. "माझी वस्तू आहे, मी काहीही करीन" असं कुणीतरी लिहिलं होतं. कायद्याने तुमचीच आहे. तरी मी तुम्हाला विनंती करते, अखंड असेल तर अखंडच विका. आधीच तुटलेला, नेक मोडलेला, बॉडी कापलेली असेल तर त्याचे भाग दुसऱ्या बासना जगवतात, ते जरूर विका.

आपल्याकडच्या दोन गोष्टी. एक, पावसाळा. मुंबई-कोकण-गोव्याच्या हवेत जुन्या पिकअपची केसाएवढी तार गंजून तुटते. घेताना मल्टिमीटर न्या. प्रिसिजनचा पिकअप साधारण दहा-अकरा हजार ओहम, जॅझचा सात-आठ हजारांच्या आसपास दाखवतो. मीटर काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटलं आहे. ते परत गुंडाळता येतं, पण किंमत त्या हिशोबाने पाडून घ्या.

दुसरी, बाहेरून मागवणं. ड्युटीचा हिशोब बासच्या किमतीवर होत नाही, किंमत अधिक वाहतूक अधिक विमा यांवर होतो, हे धरूनच बोली लावा. आणि फिंगरबोर्ड. १९५९ पासून साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत तो ब्राझिलियन रोजवूडचा असायचा. ते झाड १९९२ पासून साइट्स कराराच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराचा आंतरराष्ट्रीय करार) सर्वात कडक यादीत आहे, कागदपत्रांशिवाय सीमा ओलांडता येत नाही. नंतर वापरात आलं ते भारतीय रोजवूड, म्हणजे आपल्या आजीच्या देवघराचं शिसव. त्यावरही २०१७ मध्ये निर्बंध आले होते, पण २०१९ च्या नोव्हेंबरपासून तयार वाद्यांना त्यातून सूट आहे. म्हणजे ६४ चा आणि ७२ चा बास मागवणं कागदोपत्री एकसारखं नाही. पैसे पाठवायच्या आधी विक्रेत्याला लाकूड विचारा, लेखी.

विकणाऱ्यांसाठी शेवटचं. फोटो या क्रमाने द्या: नेकच्या टोकाचा शिक्का, बॉडीतला नेकचा खळगा, पिकअपखालची पोकळी, पॉटचे कोड, सोल्डरचे जवळून दोन, मग पुढून-मागून पूर्ण बास. बदललेला प्रत्येक भाग लिहा, नटसुद्धा, फ्रेटसुद्धा. फ्रेट बदललेले असतील तर घाबरू नका, वाजलेल्या बासला फ्रेट लागणारच. काढलेले मूळ भाग पिशवीत घालून, नाव लिहून, सोबत द्या. आणि साल सांगताना 'नेक अमुक महिन्याचा, पॉट अमुक आठवड्याचे' असं सांगा. ज्याला बास कळतो तो पुढचं स्वतः वाचतो, आणि तोच तुम्हाला योग्य पैसे देतो.