लंडनला 'फँटम' बघायला गेलात आणि फलकावर बदली कलाकाराचं नाव दिसलं तर?

(कॅमेऱ्यासमोर)

लंडनमधला हेमार्केट रस्ता. हिज मॅजेस्टीज थिएटर. संध्याकाळचे सात वाजलेत, साडेसातला प्रयोग. 'द फँटम ऑफ द ऑपेरा' या संगीतिकेचं तिकीट मी चार महिने आधी काढून ठेवलेलं. आत शिरले आणि समोरच आजच्या कलाकारांची यादी दिसली. ज्या नटासाठी मी आले होते, त्याचं नाव त्यात नाही. फँटम या मुख्य भूमिकेपुढे दुसरंच कुणीतरी. अंडरस्टडी.

माझा चेहरा पडला. इतक्या लांब यायचं, आणि नेमका त्याच दिवशी मुख्य नट नाही? खुर्चीत बसले तरी मनातली कुरकुर थांबेना.

मग प्रयोग सुरू झाला. थोड्याच वेळात रंगमंचावर पॅरिसच्या एका ऑपेरागृहातली तालीम दिसते. मुख्य गायिका कार्लोटा गात असताना वरून एक पडदा धाडकन खाली येतो. ती चिडते आणि तरातरा निघून जाते. आता संध्याकाळचं काय? तिच्या जागी उभं राहील असं तयार कुणीच नाही. शेवटी समूहात नाचणारी एक मुलगी पुढे केली जाते, क्रिस्टीन. तिचा आवाज पहिल्या ओळीला जरा कापतो, दुसऱ्या ओळीला सावरतो, आणि गाणं संपेपर्यंत ती त्या रंगमंचाची मालकीण झालेली असते.

जी गोष्ट बघायला मी आले होते, तिची सुरुवातच बदली कलाकारापासून होते! आणि मी मात्र त्याच गोष्टीच्या दारात बदली कलाकारावर नाराज होऊन उभी होते. त्या रात्रीचा फँटम मी अजून विसरलेले नाही. म्हणून हा व्हिडिओ. वर्षानुवर्षं चालणारी संगीतिका बघायला जाताना नेमकं काय बघायचं, आणि ती रोज उभी कशी राहते, हे आज आपण बघू.

(पडद्यावर: नाट्यगृहाचा दर्शनी भाग)

आधी थोडी पार्श्वभूमी. अँड्र्यू लॉइड वेबर यांचं संगीत, हॅरॉल्ड प्रिन्स यांचं दिग्दर्शन, जिलियन लिन यांची नृत्यं, मारिया ब्यॉर्नसन यांचं नेपथ्य आणि वेशभूषा. ९ ऑक्टोबर १९८६ ला याच नाट्यगृहात उद्घाटनाचा प्रयोग झाला. मायकल क्रॉफर्ड फँटम होते, सारा ब्राइटमन क्रिस्टीन. तेव्हा या नाट्यगृहाचं नाव होतं हर मॅजेस्टीज. गादीवर राणी असेल तर 'हर', राजा असेल तर 'हिज', अशी इथली रीत, त्यामुळे २०२३ मध्ये पाटी बदलली. आजची इमारत १८९७ ची, पण या जागेवर नाट्यगृह आहे १७०५ पासून. संगीतकार हँडेलचा 'रिनाल्डो' हा ऑपेरा १७११ मध्ये इथेच पहिल्यांदा झाला. ऑपेराच्या भुताची गोष्ट सांगायला याहून चांगली जागा सापडली नसती, असं मला मनापासून वाटतं.

आता मुद्द्यावर येते. आठवड्याला आठ प्रयोग. सहा संध्याकाळी आणि दोन दुपारी. वर्षभर हे असंच. माणसाचा घसा, गुडघे, पाठ, घरातली आजारपणं, लग्नकार्यं, सगळं याच आठ प्रयोगांमध्ये बसवायचं. साहजिकच रोज कुणी ना कुणी रजेवर असतं. मग प्रयोग रद्द होत नाही तो कशामुळे?

इथे तीन शब्द लक्षात ठेवा: अंडरस्टडी, अल्टर्नेट आणि स्विंग.

अंडरस्टडी म्हणजे जो एरवी लहान भूमिकेत किंवा समूहात असतो, पण मोठी भूमिका त्याची पूर्ण तयार असते. मुख्य नट नसला की हा वर सरकतो. अल्टर्नेटचं वेगळं असतं. क्रिस्टीनची भूमिका गळ्याला इतकी जड आहे, आणि ती रंगमंचावर इतका वेळ असते, की आठही प्रयोग एकीनेच करायचे हे पहिल्यापासूनच धरलेलं नाही. आठवड्यातले काही ठरलेले प्रयोग दुसरी गायिका करते. ही सोय १९८६ पासूनची आहे. त्यामुळे अल्टर्नेट दिसली तर कुणीतरी आजारी आहे असं समजू नका. त्या दिवशी तो प्रयोग तिचाच असतो.

आणि स्विंग. या लोकांबद्दल मी तासभर बोलू शकेन.

स्विंग रोज रंगमंचावर नसतो. पण समूहातल्या कितीतरी जणांचं काम त्याला येत असतं. आणि येत असतं म्हणजे नुसत्या गाण्याच्या ओळी पाठ नव्हेत. प्रत्येक कलाकाराच्या त्या रात्रीच्या सगळ्या वाटचालीला 'ट्रॅक' म्हणतात. कुठल्या विंगेतून आत यायचं, पंखा कुठल्या हातात धरायचा, जिन्याच्या कितव्या पायरीवर थांबायचं, नाचताना कुणाच्या उजवीकडून निघायचं, गाण्यात वरचा सूर लावायचा की मधला. शिवाय बाहेर आल्यावर अंधारात कपडे बदलायला मदत करणारी व्यक्ती कुठे उभी असेल, हेसुद्धा त्यातच आलं. असे सात-आठ ट्रॅक डोक्यात वेगवेगळे ठेवायचे आणि त्यातला आज कुठला करायचा हे कधीकधी प्रयोगाच्या तासभर आधी कळायचं. दोघं-तिघं एकदम आजारी पडले तर एकाच रात्री दोन ट्रॅक जोडून करायचे. कुठली वस्तू आत नेल्याशिवाय पुढचं अडेल, कुठल्या नाचात जोडी तुटता कामा नये, ते बघायचं, आणि बाकीचं सोडून द्यायचं. यातलं काहीही प्रेक्षकाला कळत नाही. कळू नये यासाठीच तर तो स्विंग असतो.

मला नेहमी वाटतं की टाळ्या वाजवताना आपण जे आठवतो त्यात ही माणसं असायला हवीत.

इंग्लंडच्या रंगभूमीवर 'द हाफ' नावाची एक हाक असते. नाव अर्ध्या तासाचं, पण ती पडदा उघडायच्या पस्तीस मिनिटं आधी दिली जाते. कारण कलाकारांना रंगमंचाजवळ बोलावणारी शेवटची हाक पाच मिनिटं आधीची, आणि अर्धा तास तिच्यापासून उलटा मोजतात. या हाकेपर्यंत प्रत्येकाने इमारतीत हजर असायलाच हवं. म्हणजे आपण बाहेर रांगेत फोटो काढत असतो तेव्हा आत आजचा संच पक्का झालेला असतो.

पुढे सगळा प्रयोग एका माणसाच्या आवाजावर चालतो. डेप्युटी स्टेज मॅनेजर. समोर संहिता आणि स्वरलिपी, कानाला हेडसेट. प्रकाश, पडदे, धूर, रंगमंचातली चोरदारं, प्रत्येक गोष्टीआधी 'स्टँड बाय' आणि मग नेमक्या सुरावर 'गो'. घड्याळाकडे बघून हे जमत नाही, संगीत ऐकत करावं लागतं. आज संगीत संचालकाने एखादा ठेका जरा रेंगाळू दिला तर जिनाही तेवढाच उशिरा सरकला पाहिजे. या संगीतिकेत दृश्यबदल २२ आहेत, मेणबत्त्या २८१ आणि पोशाख २३०. अंधारलेल्या तळघरात नाव तरंगत येते आणि जमिनीतून मेणबत्त्या उगवतात, ते दृश्य डोळे भरून बघा. ती नाव दूरनियंत्रणावर चालते. गातागाता तिच्यात बसलेल्या दोघांचा जीव विंगेतल्या कुणाच्या तरी बोटांवर असतो.

आणि दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला 'मास्करेड'चा भव्य जिना येईल तेव्हा एक करा. गर्दी नीट न्याहाळा. मूळ आखणीत त्या जिन्यावर खऱ्या कलाकारांच्या मध्ये सजवलेले पुतळेही उभे केलेले आहेत. मला हे आधी माहीत होतं, तरी पुतळा कुठला आणि माणूस कुठला हे सांगता येईना. ब्यॉर्नसन यांच्या कामाची ही करामत आहे. दाखवायचं थोडं आणि बाकीचं बघणाऱ्याच्या मनात उभं करायचं. रंगमंचाचा बराच भाग काळ्या पडद्यांचा आणि अंधाराचा आहे, आणि तरीही आपण बाहेर पडताना एक अख्खा राजवाडा बघितल्यासारखे बाहेर पडतो.

(पडद्यावर: आसनव्यवस्थेचं रेखाचित्र)

आता झुंबर. पहिल्याच प्रसंगात लिलाव चालू असतो. वस्तू क्रमांक ६६६ पुकारली जाते, तुटलेलं झुंबर. आच्छादन निघतं, ऑर्गन गरजतो, आणि ते झुंबर रंगमंचावरून उठून तुमच्या डोक्यावर चढत जातं. ही कल्पना हवेतून आलेली नाही. पॅरिसच्या ज्या ऑपेरात ही गोष्ट घडते, त्या गार्निए इमारतीत १८९६ मध्ये प्रयोग चालू असताना मोठ्या झुंबराचं एक प्रतिवजन खाली कोसळलं आणि प्रेक्षकांतल्या एका बाईचा जीव गेला. त्या इमारतीच्या तळाशी पाण्याचं टाकंही खरोखर आहे. गास्तों लरू यांच्या कादंबरीत या दोन्ही गोष्टी आल्या आणि तिथून त्या रंगमंचावर पोचल्या.

पण हे झुंबर बघायचं तर जागा नीट निवडायला हवी. माझी पहिल्या वेळची चूक सांगते. मी स्टॉल्समध्ये, म्हणजे खालच्या मजल्यावर, अगदी मागच्या रांगेत बसले होते. तिथे डोक्यावर वरच्या सज्जाचं छत येतं. झुंबर उठलं, वर गेलं आणि माझ्या नजरेआड झालं. पुढच्या रांगांमधून 'आह' ऐकू आलं, आणि मी छताकडे बघत बसले. तेव्हा स्टॉल्स घेतलंत तर छताच्या पुढच्या रांगा घ्या. सगळ्यात छान म्हणजे रॉयल सर्कलच्या पुढच्या रांगा, तिथून झुंबरही दिसतं आणि नाचांच्या आकृत्याही. पैसे कमी असतील तर ग्रँड सर्कलला जायला अजिबात कचरू नका. चढ उभा आहे, चेहरे लहान दिसतील, पण धुक्यातली ती नाव वरून बघण्यात वेगळंच सुख आहे.

तिकीट शक्यतो नाट्यगृहाच्या अधिकृत ठिकाणाहूनच काढा. लेस्टर स्क्वेअरच्या खिडकीवर, जी १९८० पासून सुरू आहे, त्याच दिवसाची सवलतीची तिकिटं मिळतात, पण हव्या त्या प्रयोगाचं मिळेलच असं नाही. तिकिटावर 'रिस्ट्रिक्टेड व्ह्यू' लिहिलं असेल तर समोर खांब किंवा कठडा येणार हे धरून चला.

एक गोष्ट माझ्या मनाला लागलेली आहे, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. साथीच्या काळात मार्च २०२० मध्ये लंडनचा प्रयोग थांबला. जुलै २०२१ मध्ये तो पुन्हा सुरू झाला तेव्हा २७ वादकांच्या जागी १४ च वादक उरले होते. गाणी तीच आहेत, वाजवणारे उत्तम आहेत, आणि पहिल्यांदा ऐकणाऱ्याला उणं काही जाणवणारही नाही. पण तंतुवाद्यांची ती जाड लाट ज्यांनी ऐकली आहे, त्यांना फरक ऐकू येतो. मलाही येतो. न्यूयॉर्कच्या मॅजेस्टिक थिएटरने शेवटपर्यंत २७ वादक ठेवले होते. तिथे २६ जानेवारी १९८८ ला सुरू झालेला प्रयोग १६ एप्रिल २०२३ ला बंद झाला. १३,९८१ प्रयोग, ब्रॉडवेवर इतके दुसऱ्या कुणाचेच नाहीत. साथीनंतर प्रेक्षक पुरेसे परतले नाहीत आणि खर्च वाढतच गेला. बंद होणार हे जाहीर झाल्यावर मात्र अशी झुंबड उडाली की फेब्रुवारीतली शेवटची तारीख एप्रिलपर्यंत ढकलावी लागली. 'चालूच आहे, बघू कधीतरी' म्हणणारे आपण सगळे त्या गर्दीत होतो, असं मला तेव्हा वाटलं.

'ले मिझराब्ल' या दुसऱ्या जुन्या संगीतिकेचंही बघा. लंडनमध्ये १९८५ पासून आहे, पण ज्या फिरत्या रंगमंचासाठी ती ओळखली जायची तो २०१९ नंतर तिथे राहिला नाही, आखणीच नवी झाली. नाव तेच राहतं, आत बदल होत राहतात. तेव्हा कुणी तुम्हाला 'आम्ही वीस वर्षांपूर्वी पाहिलंय' असं सांगितलं, तर त्यांच्या आठवणी जरूर ऐका आणि स्वतःही जाऊन या.

शेवटी एक छोटी विनंती. पडदा पडला, वंदन झालं, दिवे लागले की लोक लगेच कोट घालून निघतात. तुम्ही दोन मिनिटं थांबा. वादक अजून वाजवत असतात, प्रेक्षकांना निरोप देणारं संगीत. गर्दी विरळ होऊ द्या, पुढे पिटच्या, म्हणजे वादक बसतात त्या खोलगट जागेच्या, कठड्यापाशी जा आणि खाली बघा. शेवटचा सूर थांबतो, कुणी व्हायोलिन पुसतं, कुणी स्टँडवरचा दिवा बंद करतं, आणि संगीत संचालक स्वरलिपीची पानं उलटून पुन्हा पहिल्या पानावर आणून ठेवतो.