लपायला जागा द्या

नमस्कार. शाळांना सुट्टी लागली की आमच्या दवाखान्यात गिनिपिग दिसायला लागतात. मुलांना प्राणी हवा असतो, कुत्र्याला घरातून परवानगी मिळत नाही, मग पुठ्ठ्याच्या खोक्यातून हा गुबगुबीत जीव घरी येतो. दोन-तीन दिवसांतच आई-बाबा काळजीने विचारतात, "डॉक्टर, हे नुसतं कोपऱ्यात बसून असतं. जवळ गेलं की पळतं, उचललं की थिजून जातं. याचा भित्रेपणा कसा घालवायचा?"

आज मी या एकाच प्रश्नावर बोलणार आहे. भीती घालवायच्या मागे लागू नका, एवढंच माझं सांगणं आहे. लपायला भरपूर जागा द्या, रोजचा क्रम ठरलेला ठेवा आणि जवळ कधी यायचं ते त्याला ठरवू द्या.

हा प्राणी मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला. त्याचे रानटी भाईबंद उंच गवतात लहान लहान कळपांनी राहतात. गवताच्या बुडाशी त्यांच्या ये-जा करण्याच्या वाटा पडलेल्या असतात. त्या वाटांनी चरायचं आणि सावली हलली की गवतात शिरायचं, असं त्यांचं जगणं. पिल्लं जन्मतात तीच डोळे उघडे आणि अंगभर केस घेऊन, काही तासांत पळायला तयार. पेरू-बोलिव्हियाकडच्या लोकांनी हजारो वर्षांपूर्वी हा प्राणी मांसासाठी पाळला आणि तिथल्या खेड्यांत तो आजही स्वयंपाकघरात जमिनीवर मोकळा फिरतो. पेरूतल्या कुस्को शहराच्या कॅथेड्रलमध्ये येशूच्या अखेरच्या भोजनाचं मार्कोस सापाता याने काढलेलं १८व्या शतकातलं चित्र आहे. त्यात मधल्या ताटात वाढलेला प्राणी गिनिपिगच आहे, असं तिथले लोक सांगतात. माणसाची एवढी जुनी सोबत असूनही वरून झेपावणारा पक्षी त्याच्या रक्तातून गेलेला नाही. आपण पिंजऱ्याचं वरचं झाकण उघडून हात आत घालतो तेव्हा त्याला नेमका तोच पक्षी दिसतो.

म्हणून पहिलं काम जागेचं. दुकानात मिळणारा टीचभर पिंजरा दोघांना पुरत नाही. निदान चार फूट बाय दोन फूट सपाट जागा हवी, त्याहून मोठी असेल तर उत्तम. वरच्या मजल्याचा त्यांना फारसा उपयोग नाही, त्यांना आडवं पळायचं असतं. पिंजरा भिंतीच्या कोपऱ्यात ठेवा म्हणजे दोन बाजू आपोआप झाकल्या जातात. टीव्हीशेजारी नको, स्वयंपाकघराच्या दारातही नको. त्यांचे कान आपल्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण असतात आणि कुकरची शिट्टी किंवा मिक्सर त्यांना सोसत नाही.

आता लपण्याबद्दल. कितीतरी घरांत मी पाहते, की "सारखं लपून बसतं, माणसाळायचं कसं?" म्हणून आतलं घरटं काढून टाकलेलं असतं. कृपा करून असं करू नका. आडोसा काढल्यावर तो प्राणी धीट होत नाही, नाइलाजाने उघड्यावर बसून राहतो. आडोसा हाकेच्या अंतरावर आहे अशी खात्री असेल तरच त्याची बाहेर यायची हिंमत होते. पुठ्ठ्याचं खोकं उलटं घाला आणि त्याला समोरासमोर दोन दारं कापा. दुसरं दार नसेल तर एकजण दारात बसून दुसऱ्याला आत कोंडतो आणि भांडण होतं. प्रत्येकाला एक आणि वर एक जास्तीचं, असा हिशेब ठेवा. दोन खोक्यांच्या मधे जुनी चादर मांडवासारखी बांधली तर सगळा पिंजरा वापरात येतो. दुकानातून येताना त्यांच्याखालचं थोडं गवत मागून आणा आणि नव्या घरात पसरा, ओळखीचा वास सोबतीला राहतो. घरी आणल्या आणल्या आंघोळ मात्र घालू नका.

पहिले दोन-तीन दिवस फक्त गवत, पाणी, भाजी द्या आणि बाजूला व्हा. शेजारच्यांना दाखवायला नेऊ नका, फोटोसाठी बाहेर काढू नका. मुलांना हे अवघड जातं, मला माहीत आहे. त्यांना पिंजऱ्याजवळ जमिनीवर बसून मोठ्याने गोष्ट वाचायला सांगा. त्या आवाजाची सवय होते आणि मुलांनाही काहीतरी करायला मिळतं.

एका संध्याकाळी तुम्हाला हे दिसेल. आधी खोक्याच्या दारात नुसतं नाक येतं, मिशा थरथरत असतात. मग मान येते, मग अंग लांब लांब ताणलं जातं. मागचे दोन्ही पाय मात्र अजून आतच रोवलेले असतात, कारण क्षणात मागे सरकायचं असतं. कोथिंबिरीचं टोक दातात पकडून ते तसंच मागे जातं आणि आत बसून कुरुकुरु खातं. ही फार मोठी प्रगती आहे. या वेळी हात पुढे करू नका. काही दिवसांनी तीच काडी हातात धरा, तळवा वर, पिंजऱ्याच्या तळाशी, अगदी स्थिर. काही गिनिपिग आठवड्यात हातातून खातात, काहींना महिने लागतात.

खाण्याविषयी मी जरा सविस्तर बोलते, कारण भीतीचा सगळ्यात मोठा धोका इथे आहे. यांचं आतडं सतत चालू राहावं लागतं. घाबरून खाणं थांबलं की आतडं मंदावतं, गॅस धरतो, मग दुखतं म्हणून आणखी खात नाही. अर्धा दिवस काहीच खाल्लं नसेल तर वाट न पाहता दवाखाना गाठा. दातही आयुष्यभर वाढत राहतात आणि झिजतात ते वाळलेलं गवत चावूनच. त्यामुळे रोजच्या खाण्यात मोठा वाटा वाळलेल्या गवताचा हवा. ते लपायच्या जागेच्या दाराशीच ठेवा, म्हणजे घाबरलेल्यालाही तोंड घालता येतं. लसूणघास या हिरव्या चाऱ्यात कॅल्शियम जास्त असतं. वाढत्या पिल्लांना आणि गाभण मादीला तो ठीक आहे, मोठ्यांना रोज दिला तर मूतखड्याची भीती. कोवळी ज्वारी गुरांना बाधते हे शेतकऱ्यांना सांगायला नको. ती इथेही नको.

१९०७ साली नॉर्वेत अॅक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रोलिक या दोघांनी दाखवलं, की नुसत्या धान्यावर ठेवलेल्या गिनिपिगला माणसासारखाच स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्व कमी पडल्याने होणारा आजार, होतो. आपल्यासारखंच त्याच्याही शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही. म्हणून रोज ढोबळी मिरचीचा तुकडा, कोथिंबीर, अधूनमधून पेरूची छोटी फोड द्या. कांदा, लसूण, बटाटा अजिबात नको.

उचलण्याची घाई करू नका. साफसफाईसाठी हलवायचं असेल तर हाताने पाठलाग न करता खोकं किंवा बोगदा पुढे ठेवा, तो स्वतः आत शिरतो, मग सगळं खोकंच उचला. हाताने घ्यायची वेळ येईल तेव्हा एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली आणि लगेच आपल्या अंगाशी. मुलांनी जमिनीवर बसूनच घ्यावं. थोड्या उंचीवरून पडलं तरी हाड मोडतं. मांडीवर निश्चल बसलेला गिनिपिग शांत झालाय असं आपल्याला वाटतं, पण अनेकदा तो भीतीने गोठलेला असतो. तो खाऊ लागला, अंग सैल सोडून पसरला, तर समजा की बरं वाटतंय. मोकळ्या जागेत मधेच टुणकन उडी मारून अंग हवेत वळवलं, तर तो खूश आहे. दात कडकड वाजवले तर तुमचा हात नकोसा झालाय.

एकटा आणू नका, हे मी प्रत्येक घराला सांगते. स्वित्झर्लंडमध्ये २००८ च्या प्राणिसंरक्षण नियमांप्रमाणे गिनिपिग एकटा ठेवायला मनाई आहे. आपल्याकडे असा नियम नसला तरी प्राण्याची गरज तीच आहे. नवखा जीव जोडीदाराकडे पाहून ठरवतो, की घाबरायचं की खायचं. दोन माद्या किंवा दोन नर चालतात. मात्र नर की मादी हे पशुवैद्याकडून तपासून घ्या. दुकानात सांगितलेलं अनेकदा चुकतं आणि नर तीन-चार आठवड्यांचा झाला की पिल्लं होऊ शकतात. सोबतीला ससा नको, त्याची एक लाथही जिवावर बेतू शकते.

आता दोन धोके. पहिला उन्हाचा. १८ ते २४ अंशांत हे प्राणी सुखात असतात आणि एप्रिल-मेमध्ये पुणे, नागपूर, संभाजीनगरच्या बाल्कनीत ठेवलेले गिनिपिग उष्माघाताने जातात. घरातल्या सगळ्यात थंड खोलीत ठेवा, गोठवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून कोपऱ्यात द्या. दुसरा औषधांचा. घरातलं अमॉक्सिसिलिन कधीही तोंडाने देऊ नका. पेनिसिलिनच्या जातीची औषधं पोटात गेली तर आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात आणि प्राणी दगावतो.

भित्रा आणि आजारी यात फरक कसा करायचा, हा प्रश्न तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी चिठ्ठीत लिहून दिलाय. भित्रा प्राणी तुम्ही खोलीतून गेल्यावर खातो. सकाळी गवत कमी झालेलं दिसतं, भरपूर सारख्या आकाराच्या लेंड्या दिसतात. आजारी प्राण्याच्या लेंड्या लहान किंवा कमी होतात, केस विस्कटतात, डोळ्या-नाकातून पाणी येतं. शिकार होणारा प्राणी दुखणं शेवटपर्यंत लपवतो, म्हणून डोळ्यांवर विसंबू नका. स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या, त्यावर त्याचं ओळखीचं खोकं ठेवा, दर रविवारी वजन करून वहीत लिहा. आठवडाभरात ५०-६० ग्रॅम उतरले तर मला फोन करा, मग तो दिवसभर शिट्ट्या मारत असला तरीही.