हायकोर्टाचं आधीचं घर

[लायन गेटच्या बाजूने दिसणारी इमारत]

शहीद भगतसिंग मार्ग, लायन गेटच्या समोर. ही ग्रेट वेस्टर्न बिल्डिंग. मुंबई हायकोर्ट म्हटलं की डोळ्यांपुढे ओव्हल मैदानाकडचे दगडी मनोरे येतात. ते १८७८ साली पुरे झाले. त्याआधी पाऊणशे वर्षांहून जास्त काळ कोर्ट भरत होतं ते इथे.

गव्हर्नर विल्यम हॉर्नबी या घरात राहत. नंतर आरमाराचा प्रमुख राहू लागला, आणि नाव पडलं अ‍ॅडमिरल्टी हाउस. १८०० साली पेस्तनजी बमनजी यांच्याकडून जागा भाड्याने घेऊन इथे रेकॉर्डर्स कोर्ट, म्हणजे मुंबईचं तेव्हाचं वरिष्ठ कोर्ट, आलं. मग त्याच्या जागी मुंबईचंच सुप्रीम कोर्ट. १८६२ पासून हायकोर्ट.

[दरवाजा, जवळून]

या दाराशी थोडं थांबू. पुण्यातल्या मोरो रघुनाथ नावाच्या मुलाला नातलग पांडुरंग ढमढेरे यांच्या ताब्यातून कोर्टापुढे आणा, असा हेबियस कॉर्पसचा हुकूम इथून सुटला. गव्हर्नर माल्कम यांनी तो पुण्यात बजावू दिला नाही. मुंबई बेटाबाहेर या कोर्टाचा अंमल नाही, हे सरकारचं म्हणणं. तिघांपैकी दोन न्यायाधीश नुकतेच वारलेले. उरलेले एकटे सर जॉन पीटर ग्रँट. सरकार हुकूम पाळत नाही, तर कोर्ट चालवायचं कशाला? एप्रिल १८२९ मध्ये त्यांनी कोर्टच बंद केलं. एका पोरासाठी! लंडनमधल्या प्रिव्ही कौन्सिलचा, म्हणजे तेव्हाच्या शेवटच्या अपिलाच्या न्यायपीठाचा, कौल सरकारकडे गेला.

[जिना]

जानेवारी १८६२. वल्लभ संप्रदायाच्या धर्मगुरूंच्या, म्हणजे महाराजांच्या, अनाचारावर ‘सत्यप्रकाश’ या वर्तमानपत्रात लिहिलं, म्हणून जदुनाथजी महाराजांनी पत्रकार करसनदास मुळजींवर पन्नास हजारांचा अब्रुनुकसानीचा दावा लावलेला. बड्या धर्मगुरूविरुद्ध बोलायला छाती लागत होती. डॉ. भाऊ दाजी लाड साक्षीला आले, आणि डॉक्टर म्हणून जे ठाऊक होतं ते शपथेवर सांगून गेले. करसनदास सुटले.

१८७३ मध्ये नानाभाई हरिदास हंगामी न्यायाधीश झाले. या हायकोर्टातले पहिले भारतीय न्यायाधीश. त्यांचं पहिलं आसनही इथलंच.

[कचेऱ्यांच्या पाट्या]

१८७९ च्या जानेवारीत कोर्ट नव्या इमारतीत गेलं. इथे ग्रेट वेस्टर्न हॉटेल आलं, पुढे कचेऱ्या. माणसांचा राबता तुटला नाही, म्हणून ही वास्तू टिकली, असं आम्हाला मनापासून वाटतं.

[ओव्हलवरून हायकोर्ट, संध्याकाळ]

आता हायकोर्टासाठी वांद्रे पूर्वेला नवं संकुल ठरलं आहे.