बापाला न विचारता निवडलेली पहिली गोष्ट
(नागपुरात धरमपेठेत पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, विषय आहे ‘आवडता रॉक बँड सापडला की पोराचं काय होतं’. तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरी बंद दारामागून धडधड ऐकू येते, म्हणून तर तुम्ही आलात. माझं म्हणणं आधीच सांगतो. शाळा तुम्ही निवडता, ट्यूशन तुम्ही लावता, सायन्स की कॉमर्स हेही घरातच ठरतं. बँड ही पोट्ट्यानं कुणालाही न विचारता निवडलेली पहिली गोष्ट असते.

ब्लॅक सॅबथ या इंग्लंडच्या रॉक बँडचं उदाहरण घेतो, कारण माझ्या गिटार क्लासमध्ये अजूनही पोट्टे त्यांच्यामुळे येतात. त्यांचं बर्मिंगहॅम म्हणजे कारखान्यांचं शहर. बँडचा पुढचा गिटारवादक टोनी आयोमी तेव्हा सतरा वर्षांचा, पत्र्याच्या कारखान्यात कामाला. साल १९६५, नोकरीचा शेवटचा दिवस. दुपारी जेवायला घरी आला, आता परत जात नाही म्हणाला. आईनं ऐकलं नाही. दिवस पुरा करून ये म्हणाली. पत्रा दाबायच्या प्रेस मशीनवरचं नेहमीचं माणूस आलं नव्हतं, याला बसवलं, आणि उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. पोट्टा डावखुरा, म्हणजे तारा दाबायची बोटं तीच. डॉक्टर म्हणाले, गिटार विसर. तेव्हा कारखान्याच्या मॅनेजरनं त्याला जँगो राइनहार्ट या गिटारवादकाची रेकॉर्ड ऐकवली. आगीत हात भाजल्यावर जँगो डाव्या हाताच्या दोनच बोटांवर सोलो वाजवायचा. मग टोनीनं भांडी घासायच्या लिक्विडची प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, वर चामडं चिकटवलं. जाड तारा झेपेनात, म्हणून बारीक लावल्या. पुढे १९७१च्या अल्बमला गिटारचा स्वरही खाली उतरवला, तारा सैल झाल्या. हेवी मेटल या रॉकच्या प्रकाराचा तो जड आवाज त्यातूनही घडला.

ही गोष्ट एका पोट्ट्यानं घरी सांगितली. वडील हिंगण्याला एमआयडीसीत प्रेसवर. ते जेवता जेवता थांबले आणि मशीनला गार्ड का लागतं, दोन्ही हातांनी बटणं का दाबायची, सगळं समजावून सांगत बसले. बापाचं काम काय असतं हे त्या घरात पहिल्यांदा कळलं, आणि ते एका इंग्रजी बँडमुळे! मला हे फार मोठं वाटतं.

आता माझं एक दुखणं. एका कॉलेजनं गॅदरिंगमधून आमच्या पोरांचा बँड ऐनवेळी काढला. कारण काय, तर आपल्या संस्कृतीत बसत नाही. पोट्टे महिनोन्‌महिने संध्याकाळी सराव करत होते, ड्रम वाजवणारा रोज इतवारीहून यायचा. त्या मंडळींना मला पेटी घेऊन दाखवायचं होतं: ब्लॅक सॅबथच्या १९७०च्या पहिल्या अल्बममधल्या पहिल्याच गाण्याची सुरावट काय आहे? सा, वरचा सा, आणि मग तीव्र मध्यम. यमन शिकणाऱ्याला तीव्र मध्यम परका आहे का? इथे तो वेगळ्या तऱ्हेनं लावलाय आणि अंगावर येतो, एवढंच. आणि ज्यांना या बँडमध्ये सैतान दिसतो त्यांनी त्यांचंच ‘वॉर पिग्ज’ ऐकावं. मोठी माणसं युद्ध पुकारतात आणि लढायला गरिबांना पाठवतात, हे त्या गाण्याचं म्हणणं आहे.

आयोजक घड्याळ दाखवताहेत, म्हणून मूळ मुद्दा भराभर सांगतो. बँड सापडला की पोट्टं आधी ऐकायला शिकतं, एकच गाणं पुन्हा पुन्हा, बास वेगळा, ड्रम वेगळा. मग शोधायला शिकतं: यांनी कुणाचं ऐकलं, त्यांनी कुणाचं. धडा कुणी नेमून दिलेला नसतो, परीक्षाही नसते. तिसरं, माणसं मिळतात. एरवी रामदासपेठेतला आणि सक्करदऱ्यातला पोट्टा एका खोलीत कशाला बसले असते? मार्क वाढतील असं मी म्हणणार नाही. पण स्वतःहून रोज तासभर एका गोष्टीला बसायची सवय याच वयात लागली तर लागते.

गिटार कुठली घ्यायची ते बाहेर चहा घेता घेता सांगतो. पहिली साधी अकूस्टिक पुरे. फक्त मे महिन्यात ती बंद गाडीत ठेवू नका, आपल्याकडच्या कोरड्या उन्हात लाकूड तडकतं.