टॅबमध्ये सम दिसत नाही

(वेंगुर्ल्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, माझ्या मांडीवर आहे ती बेस गिटार. चारच तारा, पण चांगल्या जाड. हिच्यावर मी वाजवतो ते ब्लूज. ब्लूज हे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांचं गाणं. पुढे शिकागोत विली डिक्सन नावाचा वादक त्याला उभ्या डबल बेसची, म्हणजे मोठ्या व्हायोलिनसारख्या वाद्याची, साथ करायचा. १९५१ साली फेंडर कंपनीची विजेवरची बेस आली आणि ते काम हळूहळू हिच्याकडे आलं.

इथे शिकवणारं कोणी नव्हतं, म्हणून मी टॅबवरून शिकलो. टॅब म्हणजे चार आडव्या रेघा. रेघ म्हणजे तार, रेघेवरचा आकडा म्हणजे दांडीवरच्या आडव्या पट्ट्यांपैकी कितवा पडदा दाबायचा. सगळ्यांत खालची रेघ ती सगळ्यांत जाड तार. वाद्य हातात घेतलं की जाड तार वर येते, त्यामुळे सुरुवातीला सगळं उलटं वाटतं. पेटी शिकलेल्यांनी आणखी एक ध्यानात ठेवा: आपलं संगीत लिहायच्या भातखंड्यांच्या लिपीत शून्य म्हणजे तालातली ‘खाली’, टाळी न देण्याची मात्रा; इथे शून्य म्हणजे मोकळी तार.

आता ही ओळ बघा. जाड तारेवर ५. शेजारच्या तारेवर ४, ७. तिसरीवर ४, ५. मग त्याच वाटेने मागे: ४, ७, ४. गाऊन बघा, सा ग प ध, नी ध प ग. नी कोमल. आठ मात्रा, म्हणजे चार-चार मात्रांची दोन घरं. हीच ठेवण एक तार पलीकडे नेली की मध्यमावर, तिथून दोन पडदे पुढे गेलं की पंचमावर. आवर्तन १२ घरांचं, घराला ४ मात्रा: चार घरं सा, दोन म, दोन सा, मग एकेक घर प आणि म, शेवटची दोन सा. नवव्या आणि दहाव्या घरात पूर्ण ओळ मावत नाही; पहिला अर्धा तुकडा घ्यायचा आणि पुढे सरकायचं.

हे सगळं मी पाठ केलं. गणपतीत एका मित्राच्या ड्रमबरोबर बसलो आणि चौथ्या घरातच वेगळा पडलो. आकडा एकही चुकला नव्हता, वजन चुकलं होतं. शफलमध्ये, म्हणजे ब्लूजच्या झुलत्या लयीत, एका मात्रेत दोन आघात येतात ते सारखे नसतात. मात्रेचे तीन भाग करा. दोन पहिल्याला, एक दुसऱ्याला. दाऽडा, दाऽडा. मी निम्मं-निम्मं देत होतो. बहुतेक टॅबमध्ये हे लिहिलेलंच नसतं.

डबलबारीला, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्याला, रात्र रात्र बसलेल्या माणसाला हे झुलणं समजावून सांगावं लागत नाही. पखवाज झुलायला लागला की झांज कुठे पडायची ते त्याच्या हाताला कळतं. म्हणून शिकायला येणाऱ्या पोरांना मी पहिला आठवडा वाद्यच देत नाही. टाळी द्यायची, दाऽडा म्हणायचं, बारा घरं मोजायची. कागद त्यानंतर. आणि वाजवून झालं की तारा कोरड्या फडक्याने पुसायच्या. आपल्या खाऱ्या हवेत त्या लवकर गंजतात, मग सूर बसका येतो.

आता मी वाजवतो. तुम्ही टाळी धरा, मात्रेला एक. दहाव्या घरात सूर एक पायरी उतरलेला ऐकू येईल. ते घर संपलं की आठ टाळ्या मोजा. नववी टाळी समेची, नव्या आवर्तनाची पहिली मात्रा.